वाइनची घरगुती साठवण

वाइनची घरगुती साठवण म्हणजे विकत घेतलेली बाटलीबंद वाइन लगेच न पिता काही महिने किंवा काही वर्षे घरीच योग्य स्थितीत ठेवून मुरू देणे. द्राक्षरसाचे किण्वन होऊन तयार झालेले हे मद्य बाटलीत बंद केल्यानंतरही रासायनिकदृष्ट्या स्थिर नसते. त्याचा रंग, गंध आणि चव मंद गतीने बदलत राहतात. हा बदल हितकर ठरेल की हानिकारक, हे मूळ वाइनच्या घडणीवर आणि साठवणीच्या जागेतील तापमान, प्रकाश व आर्द्रता यांवर अवलंबून असते.

वाइन मुरवण्याविषयीचे बहुतेक लेखन युरोपातील थंड हवामान गृहीत धरून झालेले आहे. तेथे घराखालचे तळघर हेच नैसर्गिक शीतगृह असते. महाराष्ट्रात, विशेषतः अलिबागसारख्या रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावरील गावांत, हे गृहीतक लागू पडत नाही. शिवाय येथे मद्याची खरेदी व साठा यांवर राज्याच्या दारूबंदी कायद्याचे नियंत्रण आहे. त्यामुळे या विषयाला महाराष्ट्रात हवामानाची आणि कायद्याची अशा दोन स्वतंत्र बाजू आहेत.

संज्ञा

मराठीत लोणचे, मुरंबा, मोरावळा हे पदार्थ ‘मुरतात’. काळाच्या ओघात घटक एकमेकांत मिसळून चवीचा उग्रपणा जाणे हा अर्थ या क्रियापदात आहे आणि वाइनच्या बाबतीतही तो अचूक लागू पडतो. ‘जुनी करणे’ किंवा ‘वृद्ध होणे’ असे शब्दशः केलेले पर्याय त्यामुळे अनावश्यक ठरतात. बाटलीच्या बुचासाठी ‘बूच’ हा रूढ शब्द आहे, तर फिरकीच्या धातूच्या झाकणाला सर्वत्र ‘स्क्रू कॅप’ म्हणतात.

महाराष्ट्रात ‘वाइन शॉप’ ही पाटी सर्व प्रकारच्या विदेशी मद्याच्या किरकोळ दुकानावर लावलेली असते. अशा दुकानात व्हिस्की, रम आणि बिअर यांचाच खप मोठा असतो. खरी वाइन बहुधा एखाद्या फळीवर, दिव्याखाली उभी करून ठेवलेली आढळते. पाटीवरील शब्द आणि आतील माल यांतील ही तफावत केवळ भाषेची नाही. साठवणीच्या दृष्टीनेही ती महत्त्वाची आहे. व्हिस्की उष्णता बऱ्याच प्रमाणात सहन करते, वाइन करत नाही.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

द्राक्षाचे मद्य भारतीयांना प्राचीन काळापासून माहीत होते. पाणिनीच्या सूत्रांत कापिशी नगरीवरून ‘कापिशायन’ हे रूप सिद्ध होते आणि कौटिलीय अर्थशास्त्रात सुराध्यक्षाच्या प्रकरणात द्राक्षरसापासून केलेल्या मद्याचे एक नाव म्हणून तेच येते. चरकसंहितेत नवे मद्य पचनास जड आणि जुने मद्य हलके असा भेद केलेला आहे. आयुर्वेदात आसवे व अरिष्टे तयार करताना तोंड बंद केलेले भांडे धान्याच्या राशीत पुरून ठेवण्याची पद्धत सांगितली आहे. यामागे तापमान स्थिर राखण्याचा हेतू साधला जातो, कारण धान्याच्या राशीतून उष्णता आत-बाहेर फार सावकाश जाते.

रायगडच्या किनाऱ्याचा वाइनशी संबंध समुद्रमार्गे आला. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात भडोच बंदरात उतरणाऱ्या मालामध्ये इटलीच्या वाइनला पहिली पसंती असल्याचे म्हटले आहे. त्याच ग्रंथात कल्याणच्या दक्षिणेकडील बाजारपेठांत ‘सेमिला’ हे नाव येते. अभ्यासक हे ठिकाण म्हणजे आजच्या अलिबाग तालुक्यातील चौल असे मानतात. रायगड जिल्ह्यातीलच घारापुरी बेटावर ‘अँफोरा’ या रोमन मातीच्या कुंभांचे तुकडे सापडले आहेत. अशा कुंभांतून मुख्यतः वाइन व ऑलिव्ह तेल यांची वाहतूक होत असे. उष्ण समुद्रातून आलेली ती वाइन येथे कोणत्या अवस्थेत पोहोचत असेल, याची कल्पना पुढील उदाहरणावरून करता येईल.

अटलांटिक महासागरातील मदेरा या पोर्तुगीज बेटावरची वाइन अठराव्या शतकात पिंपांतून भारताकडे येणाऱ्या जहाजांवर चढवली जाई. विषुववृत्तीय उष्म्यात महिनोन्‌महिने हेलकावे खाल्लेली काही पिंपे परत गेल्यावर त्या वाइनला बदामासारखी, किंचित जळक्या साखरेसारखी चव आल्याचे आढळले आणि लोकांना ती आवडली. पुढे हीच चव मिळवण्यासाठी बेटावर मुद्दाम ऊब देऊन वाइन तयार होऊ लागली. मदेरा टिकते, कारण तिच्यात स्पिरिट मिसळून मद्यार्काचे प्रमाण वाढवलेले असते आणि तिची आम्लताही मोठी असते. साध्या वाइनला हाच उष्मा दिला तर केवळ जळकेपणा उरतो.

बाटलीत वाइन मुरवण्याची प्रथा त्या मानाने अलीकडची आहे. सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये कोळशाच्या भट्टीत जाड व मजबूत काच तयार होऊ लागली, त्याच सुमारास बुचाचा वापर रूढ झाला आणि पुढे बाटल्या आडव्या रचता येतील अशा आकाराच्या होऊ लागल्या. थंडी आणि अंधार यांचे सामर्थ्य २०१० मध्ये दिसून आले. बाल्टिक समुद्रात ओलांड बेटांजवळ एका बुडालेल्या जहाजात एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील शॅम्पेनच्या बाटल्या सापडल्या आणि त्यांतील काही दीडशेहून अधिक वर्षांनंतरही पिण्याजोग्या निघाल्या.

मुरण्याची प्रक्रिया

लाल वाइनमध्ये द्राक्षाच्या साली व बिया आणि ओकच्या पिंपाचे लाकूड यांतून उतरलेली टॅनिन नावाची तुरट द्रव्ये असतात. कोवळ्या वाइनचा घोट घेतल्यावर हिरड्या आवळल्यासारख्या होतात तो त्यांचाच परिणाम. काळानुसार टॅनिन आणि सालीतील रंगद्रव्ये एकमेकांशी जोडली जाऊन मोठे रेणू बनतात. त्यांतील काही तळाशी गाळ म्हणून बसतात, तुरटपणा मवाळ होतो आणि जांभळट लाल रंग विटकरीकडे झुकतो. पांढरी वाइन याउलट गडद होत जाते; फिकट पिवळ्यापासून सोनेरी आणि शेवटी तपकिरी. ताज्या फळांचा वास मागे पडून सुकामेवा, मध, तंबाखूचे पान, ओली माती यांची आठवण करून देणारे गंध पुढे येतात.

या प्रवासात तीन गोष्टी वाइनचे रक्षण करतात. आम्लता ही पहिली. टॅनिन ही दुसरी. तिसरी म्हणजे बाटलीत भरताना अल्प प्रमाणात घातलेला सल्फर डायऑक्साइड, जो शिरलेला ऑक्सिजन निष्प्रभ करतो आणि हळूहळू स्वतःही संपत जातो. बुचातून फार सूक्ष्म प्रमाणात हवा आत जाते. ती मर्यादेत राहिली तर मुरण्यास मदत होते. बूच सुकून आकसले तर मात्र वाइन आंबट होऊ लागते.

सर्वसाधारण रासायनिक अभिक्रियांचा वेग तापमान १० अंशांनी वाढले की अंदाजे दुप्पट होतो, असा एक ढोबळ नियम आहे. या हिशेबाने १३ अंश सेल्सियसला ठेवलेल्या बाटलीपेक्षा २७ अंशांना ठेवलेली बाटली अडीच पटींहून अधिक वेगाने बदलते. यावरून ‘दहा वर्षांचे काम चार वर्षांत होईल’ असा सोयीचा निष्कर्ष काढला जातो, पण तो चुकीचा आहे. सर्व अभिक्रिया सारख्याच प्रमाणात वेगवान होत नाहीत. उष्णतेत ऑक्सिडीकरण आणि फळाच्या गंधाचा नाश या अनिष्ट क्रिया पुढे धावतात आणि इष्ट क्रिया मागे राहतात. मंद आचेवर आटवलेली बासुंदी आणि मोठ्या आचेवर लागलेले दूध यांत जो फरक, तोच येथे.

मुरवण्याजोगी वाइन

जगात विकली जाणारी बहुतांश वाइन बाजारात आल्यापासून वर्ष-दोन वर्षांत पिण्यासाठीच बनवलेली असते. ती ठेवून सुधारत नाही. स्वस्त वाइन दहा वर्षे कपाटात ठेवल्याने मौल्यवान होते, हा समज निराधार आहे; जे मुळात नाही ते मुरण्यातून येत नाही.

महाराष्ट्राच्या वाइनला आणखी एक मर्यादा आहे. येथे द्राक्षवेलीची वर्षातून दोनदा छाटणी होते: एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी. फळ जानेवारी ते मार्चमध्ये काढणीला येते, म्हणजे ते थंडीत वाढून उन्हाळ्याच्या तोंडावर पिकते. साखर भरपूर भरते, पण आम्लता झपाट्याने उतरते. नाशिकची समुद्रसपाटीपासूनची सुमारे ६०० मीटर उंची आणि हिवाळ्यातील थंड रात्री ही उणीव काही अंशी भरून काढतात. तरीही आम्लता कमी असलेली वाइन दीर्घकाळ टिकत नाही हे खरे आहे. म्हणून शेनिन ब्लाँ, सोव्हिन्यों ब्लाँ आणि रोझे या प्रकारांतील देशी बाटल्या शक्य तितक्या ताज्या प्याव्यात. कॅबर्ने सोव्हिन्यों, शिराझ किंवा सांजोव्हेसे यांपासून केलेल्या आणि ओकच्या पिंपात राहिलेल्या लाल वाइन चांगल्या साठवणीत काही वर्षे सुधारतात. सुलाची ‘रासा’, अकलूजच्या फ्रातेल्लीची ‘सेत्ते’ आणि कर्नाटकातील नंदी हिल्सच्या द्राक्षबागांतून येणारी ग्रोव्हर झाम्पाची ‘ला रिझर्व्ह’ ही या वर्गातील परिचित नावे होत.

लेबलावरील ‘रिझर्व्ह’ या शब्दाने मात्र फसू नये. स्पेनच्या रियोहा प्रांतात ‘रेसेर्व्हा’ लिहायचे तर लाल वाइन किमान तीन वर्षे मुरलेली आणि त्यांपैकी किमान एक वर्ष पिंपात राहिलेली असावी लागते. भारतात या शब्दामागे मुदतीचे असे बंधन नाही. त्यामुळे द्राक्षकाढणीचे वर्ष, द्राक्षाचा वाण आणि मागील लेबलावर पिंपातील महिन्यांचा उल्लेख असल्यास तो, एवढेच पाहावे. झाकण स्क्रू कॅपचे असणे हे हलक्या प्रतीचे लक्षण नव्हे. महाराष्ट्रातील अनेक वाइनऱ्यांनी ते जाणीवपूर्वक स्वीकारले आहे आणि आपल्या हवामानात ते बुचापेक्षा भरवशाचे आहे.

महाराष्ट्रातील खरेदीचे नियम

मद्य हा राज्यघटनेनुसार राज्यसूचीतील विषय आहे. परिणामी प्रत्येक राज्य ही वेगळी बाजारपेठ ठरते. लेबलांची नोंदणी, उत्पादन शुल्क आणि परवाने हे सारे राज्यनिहाय असते. पुस्तके किंवा कपडे यांप्रमाणे देशात कोठूनही वाइन मागवता येत नाही आणि टपालाने मद्य पाठवण्यास मनाई आहे. गोव्यात स्वस्त मिळालेली खोकी महाराष्ट्रात विनापरवाना आणणे हा गुन्हा असून राज्य उत्पादन शुल्क विभाग सीमेवर त्यासाठी तपासणी करतो. परदेशातून येणाऱ्या प्रवाशास करमुक्त सामानात दोन लिटरपर्यंत मद्य आणता येते. परदेशी राहणाऱ्या मुलांकडून घरी येणाऱ्या बाटल्या बहुधा या मार्गाने येतात.

महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी अधिनियम (पूर्वीचा मुंबई दारूबंदी अधिनियम) आजही लागू आहे. त्यानुसार मद्य विकत घेणे, जवळ बाळगणे आणि पिणे यांसाठी वैयक्तिक परवाना लागतो. तो एक दिवसाचा, एक वर्षाचा किंवा आजीवन असतो आणि ऑनलाइन अर्ज करूनही मिळतो. परवाना काढण्याकडे सर्रास दुर्लक्ष होते. घरी साठा करणाऱ्याला मात्र ते परवडणारे नाही, कारण परवानाधारकाने किती मद्य जवळ ठेवावे यालाही नियमांनी मर्यादा घातली आहे. युरोपीय पुस्तकांत वाचून शंभर बाटल्यांचा संग्रह करण्याआधी जिल्ह्याच्या उत्पादन शुल्क अधीक्षकांच्या कार्यालयात चौकशी करणे आवश्यक आहे. परवान्याशिवाय घरी वाइन तयार करणेही गुन्ह्यात मोडते. वर्धा आणि गडचिरोली (१९९३ पासून) या जिल्ह्यांत पूर्ण दारूबंदी आहे. चंद्रपूरमध्ये ती २०१५ ते २०२१ या काळात होती.

राज्याने २००१ मध्ये द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरण जाहीर करून देशी वाइनला शुल्कात सवलत दिली. नाशिक, सांगली, सोलापूर व पुणे जिल्ह्यांतील वाइनउद्योगाच्या वाढीला त्यामुळे चालना मिळाली. २७ जानेवारी २०२२ रोजी राज्य मंत्रिमंडळाने १,००० चौरस फुटांहून मोठ्या सुपरमार्केटमध्ये स्वतंत्र कपाटातून वाइन विकू देण्याचा निर्णय घेतला. शेतकऱ्याचा माल म्हणून त्याचे समर्थन झाले, तर व्यसन घरोघरी पोहोचेल म्हणून विरोध झाला. अण्णा हजारे यांनी उपोषणाचा इशारा दिला. सत्तांतरानंतर हा निर्णय अमलात आला नाही. या वादात दोन्ही बाजूंनी वाइन आरोग्यदायी आहे की नाही यावरही बरेच बोलले गेले. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये मद्याची कोणतीही मात्रा पूर्णतः सुरक्षित नसल्याचे म्हटले आहे आणि वाइन त्याला अपवाद नाही.

ऑनलाइन खरेदी

कोविड साथीच्या टाळेबंदीत, मे २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना मद्याच्या घरपोच विक्रीचा विचार करण्यास सुचवले. त्याच महिन्यात महाराष्ट्राने परवानाधारक दुकानांना परवानाधारक ग्राहकाच्या घरी सीलबंद मद्य पोहोचवण्याची मुभा दिली. ही मुभा निर्बंधांच्या काळाशी जोडलेली होती. आज ‘ऑनलाइन वाइन घेणे’ याचा व्यवहारातील अर्थ बहुधा एवढाच असतो की संकेतस्थळावर किंमत व उपलब्धता पाहायची, दुकानाला फोन किंवा संदेश करायचा आणि माल स्वतः जाऊन घ्यायचा.

त्याच टाळेबंदीत फसवणुकीचा एक प्रकार मुंबई-पुण्यात मोठ्या प्रमाणावर घडला व अजूनही घडतो. प्रसिद्ध दुकानांच्या नावाने नकाशांवर व शोधयंत्रांवर खोटे दूरध्वनी क्रमांक टाकले जातात, आगाऊ पैसे मागितले जातात आणि ‘पडताळणीसाठी’ ओटीपी विचारून खाते रिकामे केले जाते. यावर उपाय सोपा आहे. दुकानाच्या पावतीवर छापलेला क्रमांकच वापरावा, पैसे माल हाती आल्यावर द्यावेत आणि ओटीपी कोणालाही सांगू नये.

महागड्या आयात बाटल्यांत बनावटीचाही धोका असतो. अमेरिकेत रुडी कुर्नियावान या व्यापाऱ्याने घरीच साध्या वाइनचे मिश्रण करून जुन्या फ्रेंच बाटल्या म्हणून विकल्या. २०१३ मध्ये तो दोषी ठरला आणि २०१४ मध्ये त्याला दहा वर्षांची शिक्षा झाली. सामान्य ग्राहकापुढे मात्र बनावटीपेक्षा उष्णतेने बिघडलेल्या अस्सल बाटलीचा प्रश्न अधिक वेळा येतो. माल घेताना बुचावरचे आवरण वर उचलले गेले आहे का, त्याखाली चिकट ओघळ आहे का, वाइनची पातळी मानेपासून खाली गेली आहे का, हे पाहावे. तापलेली वाइन प्रसरण पावून बूच बाहेर ढकलते आणि पुन्हा थंड होताना हवा आत ओढून घेते. ही खूण दिसल्यास बाटली परत करावी. शक्यतो नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळातच वर्षाची खरेदी उरकावी, कारण मे महिन्यात टेम्पोत काढलेली एक दुपारही पुरेशी घातक असते.

आयात वाइनवर भारतात दीर्घकाळ १५० टक्के सीमाशुल्क होते. ऑस्ट्रेलियाशी झालेला व्यापार करार २९ डिसेंबर २०२२ पासून लागू झाल्यावर तेथील ठराविक किमतीपेक्षा महाग बाटल्यांवरील शुल्क टप्प्याटप्प्याने कमी होत आहे. त्यामुळे मुरवण्याजोगी परदेशी वाइन घ्यायची झाल्यास ऑस्ट्रेलियाची शिराझ तुलनेने परवडते.

अलिबागचे हवामान आणि तळघराचा प्रश्न

वाइनसाठी १२ ते १४ अंश सेल्सियसचे स्थिर तापमान, ६० ते ७० टक्के आर्द्रता आणि अंधार ही आदर्श स्थिती मानली जाते. अलिबागला मे महिन्यात दिवसाचे कमाल तापमान ३२-३३ अंश आणि रात्रीचे किमान २६ अंशांच्या आसपास असते. जानेवारीच्या रात्री ते १७-१८ अंशांपर्यंत उतरते. वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि पावसाळ्याचे चार महिने हवा जवळजवळ संपृक्त असते.

जमिनीत काही मीटर खोल गेल्यावर ऋतूंचे चढउतार नाहीसे होतात आणि तापमान त्या ठिकाणच्या हवेच्या वार्षिक सरासरीजवळ स्थिरावते. फ्रान्समधील रेंस शहराखालच्या खडूच्या खाणींत ते १० ते १२ अंश असते, म्हणूनच शॅम्पेनची तळघरे तेथे यशस्वी झाली. अलिबागची वार्षिक सरासरी २६-२७ अंश आहे. म्हणजे येथे कितीही खोल व जाड भिंतींचे तळघर बांधले तरी ते २६-२७ अंशांवरच स्थिर होईल. शिवाय किनाऱ्यावर पावसाळ्यात भूजल वर येत असल्याने त्यात पाणी भरण्याची शक्यता अधिक. उष्णतारोधक भिंत तापमान स्थिर ठेवते, ते कमी करत नाही. हा भेद न समजल्यामुळे तळघरावर खर्च होतो आणि वाइन तरीही बिघडते.

स्थिर तापमानाच्या खोलीचा विचार अलिबागला नवा नाही. मुंबईत विजेवर चालणाऱ्या ट्रामगाड्या येणार म्हणून कुलाब्याची चुंबकीय वेधशाळा १९०४ मध्ये अलिबागला हलवण्यात आली. नानाभाई मूस यांच्या देखरेखीखाली तेथे लोखंडविरहित इमारती उभारताना उपकरणांच्या खोलीतील तापमान फारसे बदलू नये याची काळजी घेतलेली होती. अर्थात तेथेही गरज स्थिरतेची होती, थंडाव्याची नव्हे.

माठाच्या तत्त्वावर बाष्पीभवनाने थंडावा आणण्याचा उपाय देशावरील कोरड्या उन्हाळ्यात चालतो. किनाऱ्यावरच्या दमट हवेत पाण्याचे बाष्पीभवनच मंदावते. येथील माठ मे महिन्यात फारसा गार का होत नाही, याचे कारणही हेच.

घरातील व्यवस्था

वरील कारणांमुळे किनाऱ्यावर वर्षभराहून अधिक काळ वाइन ठेवायची असेल तर विजेवर चालणारे वाइनचे कपाट (वाइन कूलर) हाच एकमेव खात्रीचा मार्ग आहे. १४ अंशांवर ठेवलेले लहान कपाट बारा-पंधरा बाटल्यांना पुरते. सामान्य फ्रिजमध्ये सुमारे ४ अंश तापमान असते. तेथे मुरणे जवळजवळ थांबते, हवा कोरडी असल्याने बूच सुकते, पण काही महिन्यांसाठी तो उघड्या कपाटापेक्षा निश्चितच बरा.

विजेचा प्रश्न गंभीर आहे. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले तेव्हा जिल्ह्यातील अनेक गावांचा वीजपुरवठा कित्येक दिवस बंद होता. चार-सहा तासांच्या खंडाने वाइनला इजा होत नाही, कारण द्रवाने भरलेल्या बाटल्या सावकाश तापतात. दार मात्र उघडू नये. दीर्घ खंडात बाटल्या थर्माकोलच्या खोक्यात भरून आतील खोलीत जमिनीवर ठेवाव्यात. अलिबाग, किहीम, आवास, नागाव या परिसरात मुंबईकरांची शनिवार-रविवारपुरती वापरली जाणारी घरे पुष्कळ आहेत. सोमवारी निघताना घराचा मुख्य खटका बंद करण्याची चांगली सवय तेथे वाइनच्या मुळावर येते. आठवड्यातून पाच दिवस तापणारी आणि दोन दिवस थंड होणारी बाटली सतत २७ अंशांवर राहिलेल्या बाटलीपेक्षाही लवकर बिघडू शकते. अशा घरात साठा करूच नये. मुंबईहून येताना लागेल तेवढे आणावे. मार्च २०२० मध्ये सुरू झालेल्या भाऊचा धक्का–मांडवा रो-रो सेवेने गाडीसह येणाऱ्यांनी बाटल्या गाडीच्या डिकीत न ठेवता सोबत वर न्याव्यात. बंद गाडीचे तापमान अर्ध्या तासात बाहेरच्यापेक्षा बरेच चढते.

कपाट घेणे शक्य नसेल तर घरातील सर्वांत कमी तापणारी जागा शोधावी. जुन्या कौलारू घरात ती बहुधा माजघरात, जमिनीलगत असते. माळा, स्वयंपाकघर, फ्रिजचा माथा आणि पश्चिमेकडील भिंत या सर्वांत वाईट. कमाल-किमान तापमापी आठवडाभर ठेवून पाहिल्यास अंदाजावर विसंबावे लागत नाही. अशा जागेत हिवाळ्यात घेतलेली लाल वाइन मार्चअखेरपर्यंत, फार तर वर्षभर, ठेवावी.

बुचाची बाटली आडवी ठेवतात, म्हणजे बूच आतून ओले राहते. स्क्रू कॅपची कशीही ठेवली तरी चालते. पारदर्शक काचेतील पांढऱ्या व रोझे वाइनला प्रकाशाने अल्पावधीत कुजक्या कोबीसारखा वास येतो. ट्यूबलाइटचा प्रकाशही त्यास पुरतो, म्हणून बाटली वर्तमानपत्रात गुंडाळावी. अलिबागच्या प्रसिद्ध पांढऱ्या कांद्याच्या (भौगोलिक मानांकन, २०२१) माळा वारा खेळत्या जागी टांगतात. वाइनला नेमके उलट, कोंदट आणि अंधारे कोनाडे मानवते.

दमटपणाने वाइनचे नुकसान होत नाही, लेबलाचे होते. श्रावणापर्यंत त्यावर बुरशी चढते, कसर आणि झुरळे खळ खातात आणि दोन वर्षांनी कोणती बाटली कोणती हेच कळेनासे होते. बाटलीभोवती पातळ प्लास्टिकचा पापुद्रा गुंडाळणे, मानेत दोऱ्याने पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधणे आणि वहीत खरेदीची तारीख, दुकान व किंमत नोंदवणे हे उपाय पुरेसे आहेत. खाऱ्या हवेत लोखंडी मांडणी गंजते आणि हलक्या लाकडाला वाळवी लागते. सागवान किंवा पक्क्या विटांचे कप्पे टिकतात. सुकट-बोंबील, डांबरगोळ्या आणि रॉकेल यांच्या शेजारी साठा नसावा.

पारख आणि उघडणे

वाइन केव्हा तयार झाली हे बाहेरून कळत नाही. म्हणून एकाच वाइनच्या किमान तीन बाटल्या घेण्याची प्रथा आहे: एक लगेच उघडून चव नोंदवायची, दुसरी वर्षाने, तिसरी त्या दोन नोंदी पाहून ठरवायची. दुसरी पहिल्यापेक्षा फिकी लागली तर तिसरीची वाट पाहण्यात अर्थ नसतो.

गाळ असलेली बाटली आदल्या दिवशी उभी करून ठेवावी आणि सावकाश दुसऱ्या भांड्यात निवळून घ्यावी. गाळ हा दोष नव्हे. ओल्या पुठ्ठ्यासारखा कुबट वास आल्यास तो बुचातील ट्रायक्लोरोअ‍ॅनिसोल या संयुगाचा दोष असतो. तो साठवणीमुळे येत नाही, हवा लागून जात नाही आणि अशी बाटली विक्रेत्याकडून बदलून मागणे रास्त आहे. शिजवलेल्या मनुकांसारखा गोडसर जड वास उष्णतेचा, तर शिरक्याचा वास हवा शिरल्याचा निदर्शक असतो. शिरक्याकडे झुकलेली लाल वाइन पिण्यास निरुपयोगी असली तरी मटण भिजत घालण्यास चालते. उघडलेली बाटली पुन्हा झाकण लावून फ्रिजमध्ये ठेवल्यास दोन ते तीन दिवस टिकते. कोकणच्या दमट उकाड्यात लाल वाइनही पिण्यापूर्वी वीस मिनिटे फ्रिजमध्ये ठेवावी लागते, कारण पुस्तकांत सांगितलेले ‘खोलीचे तापमान’ हे १६ ते १८ अंशांच्या युरोपीय खोलीचे आहे.